नागराजरावांची टाचणी

नागराजराव पुकाळ्यांना गंभीर प्रसंगी गप्प बसता येत नाही, ही गोष्ट कानडी मुलखातल्या चामराजपुरममधल्या सगळ्या मराठी शिंपी घरांना ठाऊक होती. लग्नाबारशाला ते चारचौघांसारखे वागत. जेवत, पान खात, घरी येत. पण कुणाचं ऑपरेशन ठरलं, कुणाच्या दारात पोलीस आले, कुणाला डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, की या माणसाची जीभ वळवळू लागे. स्वतःच्या वडिलांना खांद्यावरून नेताना त्यांनी पुढच्या खांदेकऱ्याला सांगितलं होतं, जरा हळू चाल, बाबांना जन्मात कधी घाई आवडली नाही, गिऱ्हाइकांना विचार. खांदेकरी फसकन हसले आणि मागून येणाऱ्या थोरल्या चुलत्यांनी पुढं वर्षभर त्यांच्याशी अबोला धरला. साथीच्या दिवसांत दुकानाचं शटर अर्धं ओढून ते मास्क शिवत बसत, तेव्हा गल्लीतून ॲम्ब्युलन्स गेली की म्हणत, आज कुणाचं माप घ्यायला निघाली बघा.

असा माणूस नवरा म्हणून पदरी पडणं ही चेष्टा नव्हे. कृष्णवेणी हुणसूरची. तिच्या माहेरी विनोद आणि तंबाखू या दोन्ही गोष्टी उंबऱ्याबाहेर ठेवत. लग्न झाल्यावर पहिली काही वर्षं तिला या माणसाची नुसती लाज वाटली. मग लेकीच्या, वर्षिणीच्या वेळेला दिवस भरायच्या आतच कळा सुरू झाल्या आणि तिला घाईघाईनं आत नेलं. टेबलावर पडल्या पडल्या तिला बाहेरचा हशा ऐकू आला. वॉचमन हसत होता, कुणाची तरी सासू हसत होती, आणि मध्ये नवऱ्याचा आवाज होता, नेहमीपेक्षा एक पट्टी वर. त्या आवाजावरून तिला उमगलं की हा माणूस बाहेर भीतीनं अर्धा झालाय.

तेव्हापासून तिच्यापुरता हिशेब सरळ झाला. नवरा विनोद करायला लागला म्हणजे तो भ्यालाय, आणि विनोद जितका फक्कड तितकी भीती मोठी. बाकी लोक पोट धरून हसत आणि ही मात्र मनातून चरकत असे. हे तिनं त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. दाखवून काय करायचं, असं तिला वाटे. माणसाला अंगावर एक पांघरूण असतं, ते ओढून घेण्यात काय शहाणपण आहे?

दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं. पुढं नागराजराव कोट-पँटी शिवत, आतल्या बाजूला कृष्णवेणी ब्लाउज शिवी. टाचण्या ओठांत धरायच्या, ही त्या घरातली तीन पिढ्यांची चाल. गिऱ्हाईक समोर उभं असतं, एका हातात कापडाची चुणी, दुसऱ्या हातात खडू, मग टाचण्या ठेवायच्या कुठं? वर्षिणीनं बंगळूरहून मनगटावर बांधायची, टाचण्या खोचायची गादी आणून दिली होती, ती नागराजरावांनी कौतुकानं काचेच्या कपाटात मांडून ठेवली. ओठांच्या एका कोपऱ्यात टाचण्या आणि दुसऱ्या कोपऱ्यातून बोलणं, असं त्यांचं चाले. टाचण्या धरूनच ते हसतही असत, तोंड मिटून, नाकानं, खांदे हलवत. विनोद स्वतःचाच असल्यामुळं हसू केव्हा येणार हे त्यांना आधीच ठाऊक असे, आणि त्या बेतानं ते श्वास सोडत.

घोटाळा झाला तो दुसऱ्यानं विनोद केला म्हणून.

निशांत हा महाराष्ट्रातून नोकरीला आलेला, कंपनीत कामाला, तिशी ओलांडलेला गडी. मराठी बोलणारा शिंपी सापडल्याचा त्याला भारी आनंद होता. मेहुण्याच्या लग्नासाठी कोट शिवायला टाकला होता आणि त्या दिवशी सकाळी तो अंगावर घालून बघायला आला. कोट पोटावर येईना. नागराजरावांनी बटणं आणि काजं यांच्यामधल्या अंतराकडं पाहिलं, तोंडातल्या टाचण्या एका कोपऱ्याला सारल्या आणि म्हणाले, साहेब, माप घेतलं तेव्हा तुम्ही एकटेच होता, आता इथं आणखी एक माणूस आलाय.

निशांत आरशातून अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाला, "त्यालाही आमंत्रण आहे, काका. त्याच्या नावानं दोन पानं जास्त मांडायला सांगितलंय."

इतक्या वर्षांत गिऱ्हाइकांनी नागराजरावांच्या विनोदाला हसूनच दाद दिली होती, उलट उत्तर कुणी दिलं नव्हतं. हसू बेसावध आलं. श्वास बाहेर जाण्याऐवजी आत गेला, आणि त्याच्याबरोबर एक टाचणीही गेली.

आतल्या खोलीत कृष्णवेणीला खोकला ऐकू आला. साधा ठसका नव्हे, घशातून काहीतरी खरवडून काढल्यासारखा. ती बाहेर आली तर नागराजराव टेबलाला धरून वाकले होते, डोळ्यांतून पाणी, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. बाकीच्या टाचण्या फरशीवर विखुरल्या होत्या. निशांत अर्धा कोट अंगात घालून त्यांची पाठ थोपटत होता. मग खोकला आला तसा थांबला. नागराजराव खुर्चीत बसले, डोळे पुसले आणि म्हणाले, गिळली वाटतं.

शिंप्याच्या घरात टाचणी गिळणं ही आभाळ कोसळण्यासारखी गोष्ट नसते. प्रत्येक घरात एखादा काका असतो ज्यानं ती गिळली आणि दोन दिवसांनी सुखरूप परत केली. त्यावरचा उपायही ठरलेला. केळी खायची, म्हणजे टाचणी केळ्यात रुतून निमूट खाली जाते. कृष्णवेणी देवापुढं ठेवलेली बारक्या यालक्की केळ्यांची फणी घेऊन आली आणि एकेक सोलून त्यांच्या हातात देऊ लागली. नको नको म्हणत त्यांनी ती खाल्ली. तिनं आग्रह करकरून खायला लावली. पुढं कितीतरी दिवस तिला ती सालं डोळ्यांपुढं दिसत राहिली.

नागराजराव मात्र खुलले. निशांतला म्हणाले, काळजी करू नका, गिऱ्हाइकाचा माल परत करायची आपली पद्धत आहे, उद्या सकाळपर्यंत मिळेल. निशांत हसला. मग म्हणाले, पोटातल्या पोटात काही शिवून निघालं तर शिलाई वेगळी लावणार नाही. निशांत आणखी हसला. मध्येच त्यांना ठसका आला, तो त्यांनी गिळला, आणि पाठोपाठ तिसरा विनोद केला. तो इतका फर्मास होता की निशांतला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

कृष्णवेणीनं हातातलं साल खाली ठेवलं. साधी गिळलेली टाचणी, आणि इतका चांगला विनोद? ती त्यांच्या मागं गेली आणि पाठीला कान लावला. उजव्या अंगाला, श्वास आत जाताना, बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता.

"उठा री," ती कानडी वळणानं म्हणाली. "आस्पत्रीला जायाचं."

नागराजराव काहीतरी बोलणार होते. तिनं त्यांच्या तोंडावर हातच ठेवला.

निशांतनं गाडी काढली. गर्दी फार नव्हती, तरी प्रत्येक सिग्नल लाल मिळतोय असं तिला वाटलं. गाडी गतिरोधकावरून गेली की नागराजराव छातीला हात लावत आणि कृष्णवेणी निशांतला सावकाश म्हणे, आणि लगेच लवकर म्हणे. हॉस्पिटलात गेल्यावर एक्स-रे काढला. पडद्यावर फासळ्यांच्या मधोमध एक पांढरी रेघ दिसत होती, एका टोकाला मण्याएवढा ठिपका. एवढी सरळ रेघ माणसाच्या अंगात असूच शकत नाही, हे डॉक्टर नसलेल्यालाही कळलं असतं.

डॉक्टर यशस्विनी वयानं वर्षिणीएवढ्याच असतील. त्यांनी कन्नडमध्ये शांतपणे सगळं सांगितलं. टाचणी पोटात नाही, उजव्या फुप्फुसाच्या नळीत आहे. डोकं खाली, टोक वर. तोंडातून दुर्बीण घालून चिमट्यानं काढता येईल, पण त्यासाठी भूल द्यावी लागेल. तोवर बोलायचं नाही, हसायचं नाही, होता होईल तो खोकायचं नाही. प्रत्येक धक्क्यानं ती आणखी आत सरकेल, आणि चिमट्याच्या आवाक्याबाहेर गेली तर छाती उघडण्यावाचून गत्यंतर नाही. टोक रक्तवाहिनीत घुसलं तर ती वेळही मिळणार नाही. मग त्यांनी विचारलं, सकाळपासून काही खाल्लंय का?

कृष्णवेणीनं केळ्यांचं सांगितलं.

डॉक्टर रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. भरल्या पोटी भूल दिली तर पोटातलं उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. जमलं तर सहा तास थांबायचं, श्वास बिघडला तर तसंच आत न्यायचं.

म्हणजे टाचणी नवऱ्यानं आत घेतली होती, पण ती तिथं ठेवून घ्यायची वेळ बायकोनं आणली होती. कृष्णवेणीला तिथल्या तिथं बसावंसं वाटलं. बसली नाही, कारण नागराजराव तिच्याकडंच बघत होते.

त्यांना खाटेवर टेकून बसवलं. नाकाला प्राणवायूची नळी लावली, बोटाला चिमटा. शेजारच्या यंत्रावर हिरवे आकडे हलू लागले. तोंड बंद झालं म्हणून हा माणूस गप्प बसेल असं ज्यांना वाटलं असेल त्यांना नागराजराव पुकाळे माहीतच नव्हते. आता त्यांचे हात बोलू लागले. डॉक्टर पाठमोऱ्या झाल्या तशी त्यांनी सुष्मा नावाच्या नर्सला खूण करून दाखवलं की यांच्या कोटाचा डावा खांदा उतरलाय, एवढा एवढा आत घ्यायला पाहिजे. दोन बोटांत माप धरून चेहरा असा दुःखी केला की सुष्मा तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाली. वर्षिणीचा व्हिडिओ कॉल आला. तिला त्यांनी छातीवर बोट ठेवून टीप घालून दाखवली, मग दात लावून दोरा तोडला. वर्षिणी रडता रडता हसली आणि मिळेल त्या गाडीनं निघते म्हणाली. निशांत कोपऱ्यात उभा होता, त्याला त्यांनी पोटावरून हात फिरवून विचारलं, तो दुसरा कुठाय?

सगळे हसत होते. कृष्णवेणी आकड्यांकडं बघत होती. तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं की हसू नका, तुम्हाला कळत नाही, हा माणूस बुडतोय.

दुपार कलली आणि खोकला आला. त्यांनी तो दाबायचा पुष्कळ प्रयत्न केला, ओठ घट्ट मिटले, खाटेची कड धरली, पण तो आलाच. एकापाठोपाठ एक उबळी. थांबल्यावर त्यांनी तोंडाला लावलेला रुमाल खाली घेतला. त्यावर रक्ताचा ठिपका होता.

नागराजरावांनी तो ठिपका पाहिला. रुमालाची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून, हातानं दाबून. ती उशीजवळ ठेवली. मग दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ते हात तिथंच राहिले. ना खूण, ना माप. कृष्णवेणीनं त्यांच्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत तिनं त्यांची भीती कितीतरी वेळा ओळखली होती, पण अशी उघडी कधी पाहिली नव्हती.

त्यांचा श्वास वाढू लागला. आधी भरभर, मग धापा टाकत. खांदे वर ओढले जात होते, डोळे छतावर. यंत्र टिटिटि करू लागलं. सुष्मा डॉक्टरांना बोलावून घेऊन आली. त्यांनी छाती तपासली, प्राणवायू वाढवला आणि आत तयारी करा म्हणून सांगितलं. मग कृष्णवेणीकडं वळून म्हणाल्या की शांत व्हायचं औषध आता देता येत नाही, त्यानं श्वासच मंदावेल. हे भीतीनं असा श्वास ओढताहेत आणि प्रत्येक ओढीबरोबर टाचणी आत जातेय. थोडा वेळ लागणार आहे, तेवढा वेळ तुम्ही यांच्याशी बोला.

काय बोलायचं? नागराजरावांनी जगभरच्या घाबरलेल्यांना हसवलं होतं, आणि त्यांच्यासाठी बोलायला उरली होती ती एकटी हुणसूरची बाई, जिला हळदीकुंकवाच्या बायकांतही कधी गंमत सांगता आली नव्हती. ती खाटेवर बसली. दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर ठेवले, वर चढलेले खांदे खाली दाबले आणि किराणा सांगावा तशा आवाजात बोलू लागली.

"हे बघा री. तुम्हाला काय झालं तर विठ्ठल मंदिरात शोकसभा होणार. आणि सभेत श्रीनिवासराव बोलणार."

नागराजरावांचे डोळे छतावरून खाली आले. श्रीनिवासराव म्हणजे मंदिराचे जुने कार्यवाह. त्यांच्या हाती माइक गेला की लोक चपला शोधायला लागत.

"दीड तास बोलणार. तुमचं नाव एकदा घेणार, त्यांच्या बैपासचं चार वेळा. लोकांना तुम्ही गेल्याचं दुःख राहणार नाही. जेवण कधी वाढतात एवढंच बघत बसणार."

त्यांचे खांदे तिच्या तळव्यांखाली हलले. तिनं ते आणखी दाबले.

"हसायचं नाही. मी गंमत सांगत नाही, खरं ते सांगते. सुम्ने, गप्प ऐका. सावकाश श्वास घ्या. पायमशीन चालवता तसं. जाड कापड आहे समजा, स्वल्प हळू. हं. आता सोडा."

ती बोलत राहिली. मंदिरात सतरंजी कुणाच्या घरची येईल, ती झटकलेली नसेल, पहिल्या रांगेतले शिंकत बसतील आणि लोक म्हणतील बघा, नागराजरावांसाठी सगळे रडताहेत. एकेक वाक्य ती श्वासाच्या मापानं टाकत होती, आत, बाहेर, आत. तिला स्वतःचा आवाज कुणा भलत्याच बाईचा वाटत होता. नागराजराव तोंड मिटून तिच्याकडं टक लावून बघत होते. त्यांच्या ओठांच्या कडा किंचित वळल्या होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण श्वास तिच्या शब्दांबरोबर चालू लागला होता. यंत्राची टिटिटि थांबली. ट्रॉली आली तेव्हा ती सभेचं जेवण वाढून चटणीपर्यंत आली होती.

दार बंद झालं. बाहेर निशांत गुडघ्यांवर कोपरं टेकून बसला होता. मी तसं बोलायला नको होतं मावशी, मी तोंड मिटून माप द्यायला पाहिजे होतं, असं म्हणता म्हणता तो लहान मुलासारखा रडू लागला. कृष्णवेणी त्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, तुमचा काय दोष, दोष त्या दुसऱ्या माणसाचा, त्याला लग्नाला नेऊ नका. निशांत गडबडून तिच्याकडं बघू लागला आणि त्याला रडता रडता हसू आलं. वॉर्डबॉय एक स्ट्रेचर घेऊन गेला, ते कुरकुरत होतं. ती म्हणाली, आमच्या मशीनला घालतो ते तेल आणून देऊ का?

आत किती वेळ गेला ते तिला सांगता आलं नसतं. बाहेर अजून उजेड होता. डॉक्टर यशस्विनी आल्या, तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि आधी हसल्या, मग बोलल्या. टोक नळीच्या भिंतीत रुतलं होतं, सोडवायला कष्ट पडले, पण निघाली. रक्त थांबलंय. छाती उघडावी लागली नाही. छोट्या बाटलीत ती टाचणी होती. कृष्णवेणीनं बाटली उजेडाकडं धरली आणि म्हणाली, वाकली नाही, दुकानात चालेल. डॉक्टरांना खो खो हसू आलं. मग वर्षिणीचा फोन, ती वाटेत मंड्यापर्यंत आली होती. तिला कृष्णवेणी म्हणाली की तुझ्या बाबांना आतून फिटिंग करून आणलं, आता ये.

संध्याकाळी मंदिरातली माणसं भेटायला आली. पुढं खुद्द श्रीनिवासराव. कृष्णवेणीनं त्यांना खुर्ची दिली आणि सांगितलं, बसा, पण तुमचं भाषण या खेपेला टळलं बघा. मंडळी चकित झाली. हिला विनोद करताना कुणी पाहिलं नव्हतं. बायको नवऱ्यासारखी झाली म्हणून सगळे हसले, श्रीनिवासरावही हसले. ती सलाइनच्या बाटलीवर बोलली, हॉस्पिटलच्या पांघरुणाच्या टिपेवर बोलली, सुष्मालाही तिनं सोडलं नाही. हातानं चादरीच्या सुरकुत्या काढायचा तिचा चाळा एकसारखा चालला होता. थांबता येत नव्हतं, आणि थांबता येत नाही हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

नागराजराव उशीला टेकून पडले होते. रात्रीपर्यंत बोलायचं नाही असं त्यांना बजावलं होतं. ते हसत नव्हते. मंडळींकडं त्यांचं लक्षच नव्हतं. ते तिच्याकडं बघत होते.

मंडळी गेली. निशांत वर्षिणीला आणायला स्टँडवर गेला. ती स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, अय्यो, गेले एकदाचे, आता श्रीनिवासरावांची सभा टळली म्हणून केळी वाटायला पाहिजेत. 'केळी' म्हटल्यावर तिचा आवाज चिरकला. तरी ती पुढं काहीतरी बोलणारच होती.

नागराजरावांनी सलाइन नसलेला हात पुढं करून तिचं मनगट धरलं. घशातून आवाज निघेना, नुसता वारा निघाला, म्हणून ती वाकली.

"भ्यालीस का, वेणी?"

कृष्णवेणी बोलायची थांबली. भीती ओळखायची खूण आपल्यालाच ठाऊक आहे असं ती इतकी वर्षं समजत होती. आणि ओळखूनही तिनं कधी हे एवढे शब्द त्यांना विचारले नव्हते. वडिलांना पोचवून आले तेव्हा नाही, साथीत नाही, आज सकाळीही नाही. पांघरूण ओढून घेऊ नये म्हणून ती लांब उभी राहिली होती, आणि तो माणूस आत एकटाच होता.

"हौ," ती म्हणाली. "लई भ्याले."

तिनं त्यांच्या हातावर कपाळ टेकलं आणि सकाळपासून अडलेलं रडू येऊ दिलं. बऱ्याच वेळानं, तोंड तिथंच ठेवून, तिनं विचारलं, "तुम्ही?"

ती विनोदाची वाट बघत राहिली. नागराजरावांनी तिच्या केसांवर हात ठेवला आणि म्हणाले, "मी पण."